‘फेअर’ची नोंद कशी ठेवावी: नव्या अनुवादकांसाठी

नवे अनुवादक शब्दसूची दाखवायला आणतात, तेव्हा तिच्यात ‘फेअर’ सहसा नसतो. फेअर वही शाळेपासूनची, फेअर रंग लग्नाच्या जाहिरातीतला, त्यात काय नोंदवायचं? पण कामाच्या कागदांत हे दोन्ही अर्थ क्वचितच भेटतात.

सरकारी मजकुरात कारागिरी नको. फेअर प्राइस शॉप म्हणजे रास्त भाव दुकान, विषय संपला. ताळेबंदातल्या फेअर व्हॅल्यूला मात्र ‘न्याय्य’ म्हणू नका. ठरलेल्या तारखेला बाजारात रीतसर व्यवहार झाला, तर मालमत्ता विकून जी किंमत येईल ती फेअर व्हॅल्यू. तिथे ‘वाजवी मूल्य’ चालतं.

खरी डोकेदुखी आरोग्याच्या प्रश्नावल्यांत. ‘एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?’ आणि खाली पर्याय: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. फेअर चौथा, म्हणजे ‘चांगली’च्या खालचा. पटकन सुचतं ‘बरी’. पण तापातून उठलेली बाई ‘आता बरी आहे मी’ म्हणते, तेव्हा ती दुखणं गेल्याचं सांगत असते. ती बिनदिक्कत ‘बरी’वर खूण करणार आणि तिची नोंद खालून दुसऱ्या पायरीवर होणार. ‘मध्यम’ही नको, पाचांतला मधला पर्याय ‘गुड’ आहे. मी ‘साधारण’ लिहिते, बोलीभाषेतला नमुना हवा असेल तर ‘ठीकठाक’. अशा कामात बरेचदा दुसरा अनुवादक मूळ न बघता मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो. ‘बरी’चा घोळ तिथे हमखास उघडा पडतो.

अमेरिकी बातमीत रुग्णाची प्रकृती फेअर असली, तर नाडी-रक्तदाब ठीक, माणूस शुद्धीवर, थोडाफार त्रास असू शकतो. ‘प्रकृती स्थिर’ इथे भागतं.

म्हणून सूचीत हा शब्द एकटा लिहू नका. पुढचं नाम आणि कागद कुठल्या खात्यातला, हे शेजारी हवंच. अर्थात नाम जुळलं तरी भागेल असं नाही. लेखकाच्या हस्तलिखितांत ‘फेअर कॉपी’ म्हणजे खाडाखोड नसलेली स्वच्छ प्रत. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याच्या यादीत प्रतीची अवस्था ‘फेअर’ असेल, तर मजकूर पूर्ण, पण पुस्तक चांगलंच वापरून झिजलेलं. ग्राहकाने नुसती दोन शब्दांची ओळ पाठवली असेल, तर आधी विचारून घ्या, ही ओळ आली कुठून.