पंप बंद राहिला की मड बसतो, मग चालू कसा करायचा?

खाजनाखालून (गोव्यातली खाडीकाठची, बांध घातलेली सखल जमीन) एचडीडी मारून, म्हणजे वरून चर न खणता आडवं बोअर पाडून, केबल न्यायचीय, रॉड बदलताना किंवा जेवणाला पंप बंद ठेवला, तर परत येऊन लगेच फुल थ्रॉटल देऊ नका. मड म्हणजे पाण्यात कालवलेली बेंटोनाइट माती, ती रॉडमधून आत जाते आणि बाहेरून कापलेला गाळ घेऊन परत येते. बेंटोनाइट हलतंय तोवर पातळ असतं, थांबलं की त्याचे बारीक कण एकमेकांना धरून जाळं करतात आणि सगळं दह्यासारखं बसतं, त्याला जेल म्हणतात. ते मोडेपर्यंत मड जागचा हलत नाही, प्रेशर चढत राहतं, जेल मोडलं की काटा धपकन खाली. तो झटका चिऱ्यात (जांभ्या दगडात) खपून जातो, पण खाजनातल्या मऊ गाळात भिंत फाटते आणि मड मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) नाहीतर रस्त्यावर वर येतो, मग पंचायतीला उत्तरं द्या.

तर आधी पंप न लावता रॉड थोडा वेळ हळू फिरवा, रॉडच्या बाहेरचं जेल मोडतं (रॉडच्या आतलं तसंच राहतं, हे धरून चला). मग पंप आयडलवर. खड्ड्यात मड परत येताना दिसला की थोडाथोडा वाढवा. काटा चढतोय पण मड येत नाहीये? थांबा, रॉड मागे घ्या.

जेल मोडायला किती प्रेशर लागेल याचा हिशेब सोपा आहे: जेल स्ट्रेंग्थ (जेल किती घट्ट बसलंय ते) गुणिले फुटांतली लांबी, भागिले (300 गुणिले मड जातो त्या वाटेची इंचांतली रुंदी), उत्तर पीएसआयमध्ये. 600 फूट बोअर, जेल 30 (पाउंड प्रति 100 चौरस फूट), रॉडचं भोक 1 इंच, तर आत 60 लागतात. बाहेर 8 इंची बोअरात अडीच इंची रॉड, म्हणजे मोकळे साडेपाच, तिथे जेमतेम 11. मग मड जमीन फोडून वर येतो कशाने? कापलेला गाळ तळाशी साचला की ते साडेपाच इंच कागदावरच राहतात ना! म्हणून बंद करण्याआधी पुढे न सरकता नुसता मड फिरवून बोअर साफ करून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

मार्श फनेलवर (मड मोजायच्या नरसाळ्यावर) विसंबू नका, त्यातून 946 मिली मड पडायला किती सेकंद लागतात ते कळतं (साध्या पाण्याला 26), पण ते वाहत्या मडचं माप झालं. बसलेल्याचं बघायला व्हिस्कोमीटर (मडचा घट्टपणा मोजायचं फिरतं यंत्र) 3 आरपीएमवर, 10 सेकंद आणि 10 मिनिटं थांबवून, काटा जास्तीत जास्त कुठे जातो ते लिहा. दोन आकड्यांत फार तफावत असेल तर लांब सुट्टी घेऊच नका.

आणि खाडीचं पाणी मिक्सिंगला नको, उन्हाळ्यात मांडवी-झुआरी बऱ्याच आतपर्यंत खारी असते, खाऱ्यात बेंटोनाइट नीट फुगत नाही. टँकर किंवा विहिरीचं घ्या, जांभ्यातलं पाणी आंबट असतं म्हणून आधी सोडा ॲश, मग बेंटोनाइट.