दुष्काळापासून स्थलांतरापर्यंतचा माग कसा काढायचा

मी भूगोल शिकवतो. कित्येक वर्षं फळ्यावर तीन चौकोन काढायचो: हवामान बिघडलं, अन्न तुटलं, माणसं निघाली. मध्ये दोन बाण. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग सगळेच का नाही जात?" चौकोन तिथेच बंद पडले. आता मुलांना एकच प्रसंग निवडायला लावतो आणि माग उलटा काढायला सांगतो.

आधी कोण गेलं ते लिहा. एकटा तरुण कमवायला गेला, की अख्खं घर उठलं? कुठवर? बहुतेक जण देशाची सीमा ओलांडतच नाहीत.

मग पाऊस सोडा, बाजार गाठा. इथे घाई नको. सोमालियात 2020 च्या अखेरीपासून सलग पाच हंगाम पाऊस फसला. पशुपालकाच्या घरी धान्य पिकत नाही; तो शेळी विकून ते आणतो. चारा संपला की सगळे एकदम शेळ्या विकायला काढतात, आणि हाडं वर आलेल्या शेळीला भाव कोण देणार? धान्य मात्र चढत जातं. समजा, एका शेळीत दोन पोती यायची, तिथे आता अर्धं पोतंच येतं. दुकानात धान्य असूनही घर उपाशी. त्यात 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, आणि सोमालियाचा बहुतेक गहू रशिया-युक्रेनमधूनच यायचा. म्हणून शेळी आणि धान्य, दोघांचे भाव महिन्यागणिक शेजारी-शेजारी मांडा. ते कधी फाकले ते पाहा, आणि माणसं त्याआधी निघाली की नंतर, ते तपासा.

विकण्याचा क्रमही लिहा. आधी जेवणाची एक वेळ जाते, मग उसनवारी, मग जनावर. शेतकरी असेल तर बियाणं. बियाणं खाल्लं, की पुढचा पाऊस चांगला होऊनही पेरायला काही नसतं.

आता न गेलेल्यांची यादी. प्रवासाला पैसे लागतात, ओळख लागते, चालण्याची ताकद लागते. सगळ्यात गरीब बरेचदा मागेच अडकतात. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, मला मात्र तेव्हा सुचलं नाही.

आकडे शेवटी. जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालातला 21 कोटी 60 लाखांचा आकडा सगळे फेकतात. तो 2050 पर्यंतचा, देशांतर्गत स्थलांतराचा आणि 'जास्तीत जास्त' असा अंदाज आहे. वेळीच पावलं उचलली तर तो 80 टक्क्यांपर्यंत घटू शकतो, हे त्यातच लिहिलंय. 'हवामान निर्वासित' लिहिलं तर मी गुण कापतो: निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारातला निर्वासित छळाच्या भीतीने देशाबाहेर गेलेला असतो, नुसता दुष्काळ त्यात बसत नाही.

आणि एक बाण उलटा काढा: गेलेल्याने पाठवलेल्या पैशांतून मागे राहिलेल्यांचं धान्य येतं.