जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट: आवाज, कव्हर आणि आठवण एकत्र कशी जपावी

जपून ठेवलेला आल्बम दुसऱ्याला ऐकवायचा, तर त्याच्यापर्यंत तीन गोष्टी पोहोचायला हव्यात: आवाज, कव्हरवरचा मजकूर आणि तो आल्बम वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसांची आठवण. आवाज उतरवून घेणं हे यातलं सर्वांत तांत्रिक काम. त्यामुळे सगळा वेळ त्यातच जातो आणि बाकीचं ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं. मग काही वर्षांनी संगणकात ‘बाजू एक’, ‘बाजू दोन’ अशा नावांच्या फाइली सापडतात आणि साथीला कोण होतं हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून तिन्ही कामं एकाच बैठकीत, एकेका आल्बमची पूर्ण करत पुढे जावं.

कशाला आधी हात घालायचा

बाजारात हजारो प्रती निघालेली एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, व्हिनाइल या प्लास्टिकची मोठी तबकडी) थांबू शकते. घरी केलेलं ध्वनिमुद्रण, मैफलीची कॅसेट, रेडिओवरून उतरवलेला कार्यक्रम यांची दुसरी प्रत कुठेच नसते. त्या आधी घ्या. त्यातही कॅसेट पहिली, कारण फितीवरचा थर आणि आतले सुटे भाग काळानुसार बिघडतात. नीट ठेवलेली व्हिनाइल तबकडी मात्र अनेक दशकं टिकते.

तबकडीच्या मधल्या भोकाच्या कडेला धातू दिसत असेल, तर ती बहुधा जागेवरच कोरलेली लॅकरची एकमेव प्रत असते. धातूच्या पत्र्यावरचा तो थर सुकून तडकतो आणि पापुद्रे निघतात. ती धुऊ नका, घरच्या टर्नटेबलवर लावूही नका. ध्वनिजतनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

तबकडी धुताना

ग्रूव्हमधली, म्हणजे सुई जिच्यातून फिरते त्या बारीक खाचेतली, धूळ म्हणजे नुसती खरखर नव्हे. सुई त्या कणांना भिंतीवर दाबत पुढे जाते आणि कायमचा ओरखडा राहतो. त्यामुळे ‘एकदा वाजवून बघू, मग धुऊ’ हा क्रम उलटा आहे.

आधी तबकडी फिरत असताना कार्बन फायबरचा ब्रश हलकेच टेकवून कोरडी धूळ काढा. व्हिनाइलसाठी १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोग्राफीच्या कामात वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घाला. खोलीत हवा खेळती ठेवा आणि ज्योत जवळ नको. मऊ मायक्रोफायबर कापड ओलं करून ग्रूव्हच्या दिशेनेच, गोलाकार पुसा. मध्याकडून कडेकडे आडवं पुसलं की घाण एका ग्रूव्हमधून दुसऱ्यात ढकलली जाते. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा. हे टाळलं तर वेटिंग एजंटचा थर उरतो आणि पहिल्याच गाण्यात सुईच्या टोकाला करडा गोळा जमतो. नळाचं पाणी वापरलं तर क्षार ग्रूव्हमध्ये बसतात. तबकडी उभी ठेवून पूर्ण वाळू द्या, अर्धा तास तरी.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. त्यांना अल्कोहोलचा थेंबही नको. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब, झटपट पुसणं आणि लगेच कोरडं करणं, एवढंच. त्या ठिसूळ असतात, एका हाताने कडेला धरून उचलल्या की तुटू शकतात.

सुई, वजन आणि वेग

एलपीची सुई ७८च्या तबकडीवर चालवू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, तर ७८च्या रुंद ग्रूव्हसाठी सुमारे ७६ मायक्रॉनचं टोक लागतं. बारीक सुई तळाशी घासत जाते, आवाज पातळ आणि खरखरीत येतो, सुईही खराब होते. हिऱ्याची सुई किती वापरली आहे हे माहीत नसेल तर नवी बसवा. साधारण ५०० ते १००० तासांनंतर ती बदलावी लागते.

सुईचं वजन, म्हणजे तबकडीवर पडणारा तिचा भार, कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) कंपनीने सांगितलं आहे तेवढंच ठेवा. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ते बहुधा १.५ ते २ ग्रॅम असतं. तबकडी झिजू नये म्हणून वजन कमी ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्याने उलटच होतं: हलकी सुई मोठ्या स्वरांवर ग्रूव्हमध्ये उड्या मारते आणि भिंती जास्त खराब करते.

वेग तपासायला उपकरण लागत नाही. लेबलच्या कडेवर कागदाची खूण ठेवा आणि फेऱ्या मोजा. ३३⅓च्या वेगाला ३ मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात, ४५ला २ मिनिटांत ९०. या १०० फेऱ्या १८०ऐवजी १७० सेकंदांत झाल्या, तर गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढलेलं ऐकू येतं. गायकाची पट्टी कोणती होती यावर रंगणारे वाद पुष्कळदा इथेच मिटतात. खूण टर्नटेबलला नव्हे, वाजत असलेल्या तबकडीला लावून मोजा, कारण सुईच्या ओढीनेही वेग किंचित कमी होतो.

आवाज उतरवताना

टर्नटेबलमधून येणारा विद्युतसंकेत अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो, आणि तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी व तार स्वर मुद्दाम जास्त ठेवलेले असतात. हे दोन्ही फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबल आणि संगणक यांच्यामध्ये लावायचा छोटा अँप्लिफायर, दुरुस्त करतो. तो न लावता थेट संगणकाला जोडलं की आवाज बारीक, चिरका आणि खर्जाविना येतो. उलट, टर्नटेबलच्या आत प्रीअँप असताना बाहेरचाही लावला तर आवाज फुटतो आणि खर्ज गुरगुरतो. सलग घरघर येत असेल तर आधी अर्थची बारीक वायर तपासा.

ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मुद्रणाच्या दर्जासाठी २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ निवडा. याला मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा लागते, म्हणजे ४५ मिनिटांची एलपी साधारण दीड जीबी. आल्बममधला सर्वांत मोठा आवाज कुठे आहे ते आधी शोधा आणि तिथे पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी ठेवा. पातळी कमी राहिली तर नंतर वाढवता येते. वर जाऊन कापली गेलेली लहर मात्र परत मिळत नाही.

मोनो तबकडीसुद्धा दोन्ही चॅनलमध्ये उतरवा. नंतर दोन्ही एकत्र करून मोनो प्रत काढली की सुईच्या वर-खाली हालचालीतून आलेली बरीचशी खरखर परस्पर रद्द होते.

उतरवताना स्पीकर बंद ठेवा, हेडफोनवर ऐका. स्पीकरची आणि पावलांची थरथर सुईपर्यंत पोहोचते आणि खर्जात मिसळते. बाजू सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची काही सेकंदं राहू द्या.

ही पहिली फाइल ‘मूळ’ म्हणून बाजूला ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. टकटक काढणं, गाणी वेगळी करणं हे सगळं दुसऱ्या प्रतीवर. खरखर कमी करणारा फिल्टर अगदी बेताने वापरा. तो जास्त लावला की तंबोऱ्याचा झंकार, विरत जाणारा व्हायोलिनचा स्वर आणि गायकाचा श्वास खरखरीबरोबर निघून जातो. थोडी खरखर असलेली प्रत कानाला सवयीची होते. श्वास काढलेली प्रत कधीच होत नाही.

कॅसेट

कॅसेट हातात घेतल्यावर सर्वांत आधी वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडलेले आहेत का ते बघा. नसतील तर मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं मुद्रण होणार नाही.

मग फितीच्या खिडकीत दिसणारा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का ते पाहा. जुन्या कॅसेटमध्ये तो निसटतो, फीत हेडला (वाजवणाऱ्या यंत्रातल्या, फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. पाच स्क्रूचं कवच असेल तर उघडून तो चिकटवा, किंवा फितीची दोन्ही चाकं चांगल्या कॅसेटच्या कवचात हलवा. फीत एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फारच पातळ असते, ती वेगात गुंडाळण्यापेक्षा वाजवतच पुढे न्या.

कॅसेट वाजवणाऱ्या डेकचं हेड आणि फीत ओढणारी धातूची दांडी कापसाच्या काडीवर ९० टक्क्यांहून अधिक आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणी बरं, अल्कोहोलने रबर कडक होऊ शकतं.

आवाज दबलेला येत असेल तर दोन कारणं आधी तपासा. एक, डॉल्बी या खरखर कमी करणाऱ्या सोयीचं बटण: डॉल्बीविना मुद्रित झालेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवून वाजवली की तार स्वर बसतात. दुसरं, हेडचा कोन. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून, दोन्ही चॅनल मोनोत ऐकत, तार स्वर सर्वांत स्वच्छ येतील तिथे थांबा. मूळ जागा आधी खूण करून ठेवा, कारण प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन वेगळा असतो.

निवेदकाचं बोलणं, टाळ्या, तबल्याची ठोकाठोक, मध्येच कुणाचं खोकणं कापू नका. मैफल कोणती होती हे पुढे त्यातूनच कळतं.

कव्हर

कव्हरच्या दोन्ही बाजू, आतली पिशवी, दोन्ही लेबलं आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेले आकडे यांचे फोटो घ्या. एलपीचं कव्हर ए-४ स्कॅनरमध्ये मावत नाही. फोटो काढताना ते सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत उजेड द्या, फ्लॅश नको.

सालाबाबत जपून राहा. लिहिताना तीन रकाने वेगळे ठेवा: मुद्रण कधी झालं, ही प्रत कधी निघाली, घरात कधी आली. वर्तुळातलं पी हे चिन्ह ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं. वर्तुळातलं सी कव्हरच्या छापील मजकुराचं. पुनर्मुद्रित आल्बमवर नुसतं नवं सालच ठळक दिसतं आणि तेच मूळ साल म्हणून सगळीकडे फिरतं.

आठवण नोंदवताना

आवाज उतरला की ज्यांचा तो आल्बम, त्यांच्याबरोबर बसा आणि संगणकातली प्रत लावा. बाजू जशी आहे तशी, मधल्या शांततेसह वाजवा. जुन्या श्रोत्याला पुढच्या गाण्याची सुरुवात त्या शांततेतच ऐकू येऊ लागते आणि बोलणं तिथून सुरू होतं. संगीत हळू आणि फोनचा रेकॉर्डर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा.

कव्हर लगेच हातात देऊ नका. एकदा दिलं की माणूस आठवायचं सोडून वाचायला लागतो. ‘कसं वाटतं?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: ही रेकॉर्ड कोण लावायचं? कोणती बाजू जास्त लागायची? सुई कुठे अडकायची? या कलाकाराला समोर बसून ऐकलंत का, आणि तेव्हा हेच गाणं वेगळं कसं होतं? शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. ठाय लय किती संथ होती, साथीदाराकडे बघून गायक काय खुणावायचा, हे कोणत्याही कव्हरवर छापलेलं नसतं.

मध्ये दुरुस्त्या करू नका. साल चुकलं तरी बोलू द्या आणि नोंदीत ‘अमुक यांच्या आठवणीप्रमाणे’ असं लिहा. दोघांना वेगळं आठवत असेल तर दोन्ही लिहा. नोंदीपुढे गाण्यातली वेळ टाका: ‘बाजू २, ७ मिनिटं २० सेकंद, इथे तान तुटते, तेव्हा श्रोत्यांतून आलेला आवाज माझ्या काकांचा.’ वेळ नसलेली नोंद ऐकणाऱ्याला उपयोगी पडत नाही.

दुसऱ्यांना पाठवताना एक भान हवं. गाण्यावर निर्मात्याचे आणि कलाकारांचे हक्क असतात आणि खासगी प्रतीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तुमच्या नोंदी आणि आठवणींचं ध्वनिमुद्रण, बोलणाऱ्याच्या परवानगीने, मोकळेपणाने द्या. गाणं अधिकृतपणे जिथे आहे तिथली लिंक जोडा. मैफलीची खासगी कॅसेट असेल तर कलाकाराला किंवा त्यांच्या कुटुंबीयांना विचारा.

फाइली आणि मूळ वस्तू

मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅकने आकार बराच कमी होतो आणि आवाजातलं काहीही जात नाही. ऐकण्यासाठी हवी तर एमपी-३ प्रत वेगळी काढा. फाइलीचं नाव कलाकार, आल्बम, बाजू आणि ‘मूळ’ किंवा ‘स्वच्छ’ असं असावं. कव्हरचे फोटो, आठवणींची मुद्रणं आणि कोणती सुई, कोणता डेक वापरला याची नोंद त्याच फोल्डरमध्ये. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी नसतो. वर्षातून एकदा सगळ्या प्रती उघडून वाजतात का ते पाहा.

तबकड्या उभ्या ठेवा, तिरक्या किंवा एकावर एक नकोत. आतली पिशवी पॉलिथीनची चालेल, पीव्हीसीची नको; तिच्यातलं प्लास्टिसायझर तबकडीवर धुकट डाग पाडतं. खोली २० अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के असेल तर उत्तम, त्याहून ओलाव्यात कव्हरवर बुरशी येते. कॅसेट पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत उभी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा.