१९५७ साल लिहिलंय कुठे? जुन्या डिझायनर स्कार्फचं वय ठरवताना या चुका टाळा

मावशीच्या कपाटात, पैठणीच्या खाली, नारिंगी खोक्यात एर्मेस या फ्रेंच फॅशनघराचा एक रेशमी स्कार्फ होता. आपल्याकडे बरेचजण त्याला ‘हर्मीस’ म्हणतात, म्हणोत बापडे. चौकोनी, ९० सेंटिमीटरचा, मधोमध घोड्याचे सजवलेले लगाम. मी मोबाईलवर शोधलं. डिझाइनचं नाव ‘ब्रिद द गाला’, चित्रकार ह्यूगो ग्रिगकार, साल १९५७.

“मावशी, जवळजवळ सत्तर वर्षांचा आहे हा!”

“अगं, तुझ्या काकांनी ८६ साली पॅरिसहून आणला. मीच गेले होते विमानतळावर घ्यायला.”

“मग त्यांना कुणीतरी जुना विकला असणार.”

मावशी काही बोलली नाही. चहा टाकायला उठून गेली.

मावशीचंच बरोबर होतं, पण ते कळायला मला आणखी दोन वर्षं आणि घड्याळजीकडून आणलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग लागलं. आता ओळखीतल्या बायका मला स्कार्फचे फोटो पाठवतात. कुणी लंडनच्या चॅरिटी शॉपमधून घेतलेला असतो, कुणी न्यू जर्सीत कुणाचं घर मोकळं होताना सामानाच्या विक्रीतून उचललेला. प्रत्येकीचा प्रश्न एकच: हा कधीचा? आणि चुकाही बहुतेक त्याच, मी केलेल्या.

डिझाइनचं साल म्हणजे स्कार्फचं साल नव्हे

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एर्मेसचा पहिला रेशमी चौकोन १९३७चा, रोबेर द्युमाने केलेला. तेव्हापासून त्यांची गाजलेली डिझाइन्स पुन्हा पुन्हा छापली गेली आहेत, नव्या रंगांत, नव्या आकारांत. ‘ब्रिद द गाला’ तर त्यांच्या सर्वाधिक खपलेल्या डिझाइनांपैकी एक. ग्रिगकार १९५९मध्ये वारला, पण त्याचे लगाम अजूनही दुकानात मिळतात. म्हणजे १९५७ हे चित्राच्या जन्माचं साल. तुमच्या हातातला कपडा त्यानंतर कधीही छापलेला असू शकतो, अगदी गेल्या वर्षीसुद्धा.

इटलीच्या गुचीच्या ‘फ्लोरा’ या फुलांच्या डिझाइनचंही तेच. १९६६मध्ये रोडोल्फो गुचीने मोनॅकोच्या ग्रेस केलीसाठी चित्रकार विट्टोरिओ अक्कोर्नेरोकडून ती फुलं काढून घेतली, ही गोष्ट विकणारा प्रत्येकजण सांगतो. २००५च्या सुमारास गुचीने तीच फुलं पुन्हा बाजारात आणली, हे मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून पहिला धडा: कुठल्याही खुणेवरून ‘या सालचा’ म्हणायचं नाही, ‘या सालाच्या आधीचा नाही’ एवढंच म्हणायचं. हे वाक्य अंगवळणी पडलं की निम्म्या चुका होतच नाहीत. चार-पाच खुणा जमवल्या, की त्यातली सर्वात अलीकडची खूण खरी. बाकीच्या कितीही जुन्या दिसल्या तरी तिच्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

मावशीच्या स्कार्फच्या कोपऱ्यात नखाएवढं लेबल होतं. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण माझं लक्ष घोड्यांवर. भिंगातून पाहिलं तर त्यावर धुण्याच्या बारीक खुणा: इस्त्री, आणि गोलात ‘पी’ अक्षर, म्हणजे ड्रायक्लीन करा. कपड्यांच्या या चित्रखुणांसाठी जिनेटेक्स ही संघटना पॅरिसमध्ये स्थापन झाली ती १९६३मध्ये, आणि त्यानंतर त्या खुणा युरोपभर रुळल्या. १९५७च्या स्कार्फवर त्या कुठून येणार? दोन सेकंदांत माझी सत्तर वर्षं खाली आली.

लेबल नाही म्हणजे जुना, असं नाही

लेबल टोचतं. आपण ब्लाऊजचं लेबल पहिल्याच दिवशी कापून टाकतो, तसंच जगभरच्या बायकांनी स्कार्फचं कापलंय. काठाच्या आतल्या बाजूला सुईची दोन-चार छिद्रं किंवा तुटक्या धाग्याची टोकं दिसली, तर तिथे लेबल होतं. उलटाही प्रकार होतो: साध्या स्कार्फला दुसऱ्याचं लेबल शिवलेलं. तिथे एकाच जागी छिद्रांच्या दोन ओळी सापडतात. लेबलच्या दोऱ्याचा रंग काठाच्या दोऱ्याशी न जुळणं हीसुद्धा शंकेची जागा, पुरावा नव्हे.

अमेरिकी स्कार्फवर ‘आरएन’ आणि पुढे आकडे असतात. हा कंपनीचा नोंदणी क्रमांक. जुन्या कपड्यांच्या शौकिनांत एक हिशोब फिरतो: आकड्यातून १३६७० वजा करा, २६३५ने भागा, १९५९ मिळवा. समजा आकडा ४०,०००, तर उत्तर येतं साधारण १९६९. लोक लगेच लिहितात, ‘१९६९चा स्कार्फ’. अहो, ते कंपनीने नंबर घेतल्याचं साल! तोच नंबर ती कंपनी पुढची पन्नास वर्षं वापरू शकते. माणसाच्या जन्मदाखल्यावरून त्याचा शर्ट कधी शिवला ते ठरवण्यासारखं आहे हे. नंबरचा खरा उपयोग वेगळा: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनीचं नाव कळतं.

लेबलवर आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एक, धाग्याचं नाव. अमेरिकेत कापड कशाचं आहे हे टक्केवारीसकट लिहिणं मार्च १९६०पासून सक्तीचं झालं. मात्र ‘प्युअर सिल्क’ असं हौसेने लिहिणारे त्याआधीही होते. पॉलिएस्टर असेल तर काम सोपं. तो धागा इंग्लंडमध्ये १९४१मध्ये शोधला गेला आणि बाजारात आला पन्नासच्या दशकात. त्यामुळे ‘युद्धकाळातला’ पॉलिएस्टर स्कार्फ दिसला की हसून पुढे जावं. दोन, देशाचं नाव. ‘ऑक्युपाइड जपान’ (महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असलेला जपान) असेल तर १९४७ ते १९५२, ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०. देशांच्या नावांइतकी चोख तारीख दुसरी कुठलीच खूण देत नाही.

हाताची किनार, मशीनची किनार

‘किनार हाताने गुंडाळून शिवलीय, म्हणजे जुना’ हे वाक्य मी स्वतः किमान वीस वेळा बोलले असेन. चूक. एर्मेस आजही किनार हातानेच गुंडाळतं. आणि जुन्या काळातही स्वस्त स्कार्फला मशीनची किनार असायची, आपल्याकडच्या पिकोसारखी. हातशिलाईवरून दर्जा कळतो, वय कळत नाही.

मग किनारीकडे बघायचं कशासाठी? कुणी केला असेल त्याचा अंदाज येतो म्हणून. एर्मेसची किनार चित्राच्या बाजूला, वर गुंडाळलेली असते. बऱ्याच इटालियन फॅशनघरांची मागच्या बाजूला. भिंगाखाली चांगली किनार मुगाच्या शेंगेसारखी गोल, भरलेली दिसते. टाके एकसारखे नसतात, एखादा लांब, एखादा तिरका, आणि दोरा आतून सरकत गेलेला.

इथे एक सावधगिरी, ती मी पैसे मोजून शिकले. एका मैत्रिणीचा स्कार्फ बघण्याआधी ‘जरा नीट दिसावा’ म्हणून मी आमच्या इस्त्रीवाल्याकडे दिला. त्याने कडक इस्त्री फिरवून चारही काठ पापडासारखे सपाट करून आणले. आता ती किनार हाताची की मशीनची हे सांगताना जाणकारही चाचरेल. वय ठरेपर्यंत धुणं नाही, इस्त्री नाही, लेबल उसवणं नाही. आणि कृपा करून धागा जाळून बघणं तर नाहीच. रेशीम जळताना केसासारखा वास येतो हे खरं, पण जाळलेला कोपरा परत येत नाही.

जीर्ण दिसतो म्हणून जुना

ही चूक आपल्या हवेत हमखास होते. मुंबईत, कोकणात, गोव्यात दोन पावसाळे बंद कपाटात काढलेलं रेशीम पाहिलंय? पिवळे डाग, घडीच्या रेषेवर विरलेलं कापड, डांबराच्या गोळ्यांचा वास. दहा वर्षांचा स्कार्फ पन्नास वर्षांचा दिसतो. उलट लंडनच्या एखाद्या कोरड्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेला युद्धकाळातला स्कार्फ कालच आणल्यासारखा वाटतो. डागांवरून स्कार्फ कुठे राहिला ते समजतं, किती वर्षं राहिला ते नाही.

अतिनील (यूव्ही) प्रकाशाच्या टॉर्चचीही तीच गत, ज्याने नोटा तपासतात तो. ‘धागा चमकला म्हणजे नवा’ असा समज आहे. चमक देणारी रसायनं कापडउद्योगात सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, इथवर ठीक. पण तीच रसायनं धुण्याच्या पावडरीतही असतात. टिनोपाल घातलेला पांढरा सदरा आठवा. जुना स्कार्फ मधल्या काळात एकदा जरी तशा पावडरीत बुडाला असेल, तरी तो चमकणार. न चमकणं थोडं कामाचं, चमकणं बिनकामाचं.

सही आणि लेडीबग

अमेरिकेच्या व्हेरा न्यूमनचे स्कार्फ आपल्या परदेशस्थ नातेवाइकांकडून खूप येतात, कारण ते तिथे अजून परवडतात. ही बाई भन्नाट होती. १९४२मध्ये न्यूयॉर्कच्या छोट्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने छपाई सुरू केली. युद्धानंतर कापडाची टंचाई, तर लष्कराचं उरलेलं पॅराशूटचं रेशीम आणून त्यावर स्कार्फ छापले. डिझाइनवर स्वतःची सही टाकायची आणि शेजारी लेडीबग, शुभ म्हणून.

आता चूक अशी की लोक फक्त लेडीबग बघतात. लेडीबग आहे म्हणजे अमुक दशक, नाही म्हणजे तमुक. तो किडा वर्षानुवर्षं छापला गेला, कधी मोठा, कधी बारीक, कधी गायब. व्हेरा १९९३मध्ये गेली, आणि तिची जुनी चित्रं नंतरही नव्याने छापली गेली, सहीसकट. किडा बाजूला ठेवून लेबल बघा, धागा बघा, मग सहीकडे या.

लंडनच्या जॅकमार कंपनीचे युद्धकाळातले घोषणांचे स्कार्फ अर्नोल्ड लिव्हरने काढलेले, फार मजेशीर आणि आता महाग. ब्रिटनच्या त्या काळच्या कपड्यांवर ‘सीसी ४१’ असा शिक्का दिसतो, सरकारी काटकसर योजनेचा, १९४१ ते १९५२. शिक्का पाहून हुरळू नका, आज त्याच्या नकला सर्रास छापल्या जातात. छपाईच भिंगाखाली धरा: जाळीच्या चौकटीतून छापलेला रंग सलग, भरीव दिसतो. संगणकाने फवारलेला रंग असेल तर कडेला शाईचे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. ठिपके म्हणजे गेल्या तीसेक वर्षांतलं काम, मग शिक्का काहीही म्हणो.

जाता जाता दोन सोप्या गोष्टी. फॅशनघराची जन्मतारीख माहीत असू द्या: दिओरचं घर १९४६मध्ये सुरू झालं, इव्ह सां लोराँचं १९६१मध्ये. शनेलचं फॅशनघर १९३९ ते १९५४ बंद होतं. ‘चाळीसच्या दशकातला सां लोराँ’ विकणारा एकजण मला खरंच भेटलाय. आणि खोक्यावर विसंबू नका. एर्मेसचं खोकं नारिंगी झालं ते महायुद्धात, दुसरा पुठ्ठा मिळेना म्हणून. पण रिकामी नारिंगी खोकी आज वेगळी विकली जातात, आणि आपल्याकडे तर चांगलं खोकं कुणी टाकत नाही, त्यात बटणं ठेवतात.

घरातल्या आठवणीही डोळे मिटून घेऊ नयेत. ‘आजीचा आहे’ याचा अर्थ कधी आजीने तरुणपणी घेतलेला, तर कधी नातवाने आजीला पंचाहत्तरीला दिलेला, असाही निघतो. पण आठवणीला कागदाची जोड असली, तर ती माझ्या भिंगापेक्षा भारी. पावती, पत्र, फोटो, काहीही.

मावशीने मला गेल्या दिवाळीत अल्बम उघडून दाखवला. सहार विमानतळाबाहेर काका, हातात सुटकेस, शेजारी मावशी, आणि तिच्या अंबाड्याला बांधलेला तो स्कार्फ, लगाम अर्धेच दिसतायत. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का: १४ नोव्हेंबर १९८६.

“आता चहा तू टाक,” मावशी म्हणाली.