प्रभुभोजनाच्या रविवारी दारात उभं राहणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. दारात उभं राहून गीतांची पुस्तकं द्यायचं काम 19 वर्षं माझ्याकडे आहे. आता दोन नव्या मुली सोबतीला येतायत, त्यांच्यासाठी हे लिहिते.

भाकर घ्यायला कोणी पुढे यायचं हे गुडघे टेकायच्या कठड्यापाशी ठरवायचं नसतं, दारात सांगायचं असतं. माझ्या नातवाच्या बाप्तिस्म्याला शेजारच्या काकू कौतुकानं आल्या होत्या. सगळे उठले म्हणून त्याही उठल्या, गुडघे टेकले, हात पुढे केला. भाकरीचं ताट त्यांच्यापाशी थांबलं आणि पुढे सरकलं. काकू काही बोलल्या नाहीत. पण दरवर्षी नाताळच्या फराळाला स्वतः येणाऱ्या बाई त्या वर्षी आल्या नाहीत, सुनेला पाठवलं. चूक माझी. आधी सांगायला मी होते ना!

म्हणून पाहुणा दिसला की पुस्तक देतानाच सांगा: "आज प्रभुभोजन आहे. बाप्तिस्मा झालेले आणि आपापल्या मंडळीत भोजन घेणारे भाकर घेतात. तुम्हाला आशीर्वाद हवा असेल तर पुढे या, हात छातीशी धरा, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. बसून राहिलात तरी चालतं." नेहमीच्या आवाजात सांगा. कुजबुजलात तर माणसाला आपलंच काही चुकलंय असं वाटतं.

मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, मार थोमा अशा दुसऱ्या ख्रिस्ती पंथांचं कोणी आलं तर दाखला मागू नका. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी इथेच, नागपुरात, सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यांत बाळाला बाप्तिस्मा देणारे होते, तसे मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच पाण्यात उतरवणारेही. दोन्ही रीती आपण ठेवल्या. मग पाहुण्याला कसल्या चौकशा?

कॅथलिक मित्रांना मात्र आग्रह नको. आपल्याकडे घेऊ नये असा त्यांच्याच चर्चचा नियम आहे. सदरला त्यांच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेलात तर तुम्हीही बाकावरच बसा, रुसू नका.

अवघड जागा वेगळीच आहे. काही जण वर्षानुवर्षं दर रविवारी येतात, प्रार्थना करतात, पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. कुणाला घरच्यांची धास्ती, कुणाला जातीच्या दाखल्याची: 1950 च्या आदेशामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. दारात उभं राहून "अजून का नाही घेतला?" असं विचारू नका. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटच्या काळात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. माझ्या हातात असतं तर मी अशांना भाकर दिली असती. पण ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. त्यांना आठवड्यात कधीतरी पाळकसाहेबांकडे घेऊन जा, चहा घ्या, बोलू द्या.

आणि आपलीच माणसं! घरात भांडण झालं, कुणी दारू प्यायलं, की "मी अयोग्य" म्हणत महिनोन्‌महिने बाकाला चिकटून राहतात. त्यांना बायबलातल्या पौलाच्या पत्राचा, 1 करिंथचा, 11 वा अध्याय काढून द्या, पण 21 व्या ओवीपासून. तिथे पौल रागावलाय तो आधी येऊन पोटभर खाणाऱ्यांवर, ज्यांच्यामुळे मागून येणारा उपाशी राहतो. स्वतःला पारखावं, म्हणतो, आणि मग खावं. पारखून घरी बसावं असं कुठे म्हटलंय?

लहान मुलं दृढीकरणापर्यंत, म्हणजे मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत, आशीर्वाद घेतात. त्यांना आईबापांबरोबरच पुढे पाठवा.

आणि शनिवारी भाकर कापताना मोजून कापू नका. दहा-बारा तुकडे जास्तच ठेवा.