उन्हाळा लागायच्या आधी जुन्या एटीव्हीची तयारी, इंजिन गरम होऊन राहिलं असेल त्यांच्यासाठी

होळी झाली की आपल्या नागपुरात घरोघरी कूलर निघतात, खस बदलते, पंप पाणी वर चढवतो का ते बघतात. जुन्या एटीव्हीच्या, म्हणजे शेतात, कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या जाड टायरच्या चारचाकीच्या रेडिएटरचं काम अगदी तेच आहे भाऊ, हवा आरपार गेली पाहिजे आणि पाणी फिरत राहिलं पाहिजे, दोनातलं एक जरी अडलं तरी मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना गाडी उकळणारच. काटोल, कळमेश्वरकडं संत्र्याच्या बागेत फवारणीची टाकी ओढायला, नाहीतर हिंगण्याच्या बाजूला फार्महाऊसवर ज्यांच्याकडं अशा १०-१५ वर्षं जुन्या गाड्या आहेत त्यांनी ही तयारी मार्चमध्येच करून घ्या, कारण बहुतेक एटीव्हीला रोडचं पासिंग नसतं, बंद पडली की टेम्पो बोलवा, टेम्पोत टाका, आणि पार्ट तर ऑनलाइन मागवून कधी येईल तेव्हा.

पाना हातात घ्यायच्या आधी एक काम करा, गाडी नेमकी कधी गरम होते ते दोन-तीन दिवस बघा आणि लिहून ठेवा. माझ्या मते अर्धं निदान इथंच होतं आणि लोकं नेमकं हेच सोडून डायरेक्ट पार्ट बदलत सुटतात. हळू चालताना, ट्रॉली ओढताना, उभ्या उभ्या गरम होत असेल आणि जरा पळवली की काटा खाली येत असेल तर प्रॉब्लेम हवेचा, म्हणजे फॅन नाहीतर बाहेरून चोंदलेला रेडिएटर. पळवताना पण गरम होत असेल तर पाणी नीट फिरत नाही, रेडिएटर आतून जाम आहे, पंप गेला आहे किंवा पेट्रोल कमी येऊन मिक्स्चर लीन झालं आहे. आणि गार इंजिन सुरू केल्यावर पाचच मिनिटात उकळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा वॉल्व्ह) बंदच राहिला, आत हवा अडकली किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं. गाडीत टेंपरेचरचा काटा नसून नुसता लाल लाइट असेल तर तो लागेपर्यंत थांबू नका, सेन्सरची वायर तुटलेली असेल तर तो लागतच नाही.

सामान जास्त लागत नाही. ८, १० आणि १२ चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टीमीटर, दोन वायरचे तुकडे, नरसाळं, जुना टब, मऊ ब्रश, टॉर्च, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, आत पांढरा थर धरतं आणि एकदा बारीक नळ्यांमध्ये तो थर बसला की निघत नाही. तो काढायला कोणी ॲसिड टाकायला सांगितलं तर ऐकू नका, रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो, ॲसिड त्यालाच खातं.

गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही, म्हणजे नाहीच. आतलं पाणी प्रेशरखाली १०० च्या वर गेलेलं असतं, कॅप सैल झाली की ते एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. म्हणून सगळं काम सकाळी गार गाडीवर.

आता धुणं, आणि याच्यात घाई नको. पावसाळ्यातली काळी माती रेडिएटरच्या पट्ट्यांमध्ये जाऊन सुकते, वरून गवताची कुसळं, आणि समोरून बघितलं तर रेडिएटर साफ दिसतो, घाण असते मागच्या बाजूला, फॅन आणि जाळीच्या मधात. पुढचं प्लास्टिक काढा, जमलं तर फॅन पण खोला, आणि मागून टॉर्च मारून पुढून बघा, उजेड आरपार दिसला पाहिजे. नाही दिसला तर साध्या नळाच्या पाण्यानं आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूनं पुढच्या बाजूला धुवा, माती भिजू द्या, थांबा, परत धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर पट्ट्या आडव्या होऊन हवेची वाटच बंद होते.

फॅन तपासायला त्याचं कनेक्टर काढून डायरेक्ट १२ व्होल्ट द्या, फिरला तर मोटर ठीक, मग फ्यूज, रिले, अर्थिंगची गंजलेली वायर बघा. फॅन चालू करणारा टेंपरेचरचा स्विच दोन वायरचा असेल तर चावी ऑन करून त्या दोन वायर जोडा, फॅन चालू झाला तर स्विच गेला समजा. आणि फॅन फिरून राहिला म्हणून समाधान नको, फॅन चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला पेपरचा तुकडा लावा, तो चिकटून राहिला पाहिजे, उडून जात असेल तर कोणीतरी वायर उलट्या जोडल्या आहेत आणि फॅन गरम हवा पुढं फेकून राहिला आहे.

कूलंट दोन वर्षांच्या वर जुना असेल तर बदलाच. ॲल्युमिनियमला चालणारा, डिस्टिल्ड वॉटरसोबत निम्मा-निम्मा. आपल्याकडं बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला असं म्हणणारे भेटतात, पण तो उकळबिंदू वाढवतो, कॅप चांगली असली तर १२० च्या वरच नेतो, शिवाय गंज थांबवतो. जुना कूलंट टबात काढा आणि लगेच झाकून बाजूला ठेवा. तो चवीला गोड असतो आणि विषारी असतो, कुत्रं, वासरू पिऊन जाईल, नालीत पण ओतू नका. नवीन भरताना गाडीचं तोंड चढावर करा म्हणजे कॅप सगळ्यात उंच राहते, कॅप काढूनच गार इंजिन सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा, पाइप हलकेच दाबत राहा, आणि पाणी तापून वर यायला लागायच्या आधी कॅप लावा.

कॅपचं रबर फाटलं असेल तर नवीन कॅप घ्या, सगळ्यात स्वस्त पार्ट आहे. सकाळी रेडिएटरचा वरचा पाइप आत ओढला जाऊन चपटा दिसला तर कॅपचा उलट वॉल्व्ह जाम आहे, बाजूच्या ओव्हरफ्लो टाकीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत येत नाही.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात टांगा आणि गॅसवर ठेवा, त्याच्यावर छापलेल्या टेंपरेचरच्या आसपास तो उघडलेला दिसला पाहिजे. नाही उघडला तर नवीन टाका, काढून फेकून देऊ नका. आपल्याकडं बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि रेडिएटर लीक असला की हळद टाकतात, दोन्हीनं काही दिवस जातात पण खरा आजार लपून बसतो, आणि हळदीनं बारीक नळ्या बुजतात. लीक असेल तर नागपूरजवळच्या वाडीला ट्रकची कामं करणाऱ्यांकडं नेऊन प्रेशर टेस्ट करून घ्या.

इंजिनच्या पाण्याच्या पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब पडत असतील तर सील गेलं. ऑइल दुधाळ दिसलं, किंवा इंजिन चालू असताना कॅपच्या तोंडाशी बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केटचं काम आहे, ते घरी नको. कार्बोरेटर वर्षभर साफ केला नसेल तर तो पण यादीत घ्या, तो चोंदला की पेट्रोल कमी येतं. ज्यांची गाडी एअर कूल्ड आहे त्यांना रेडिएटरच नाही, त्यांनी इंजिनच्या पट्ट्यांमधली माती आणि ऑइलची लेव्हल बघायची. ट्रॉली ओढताना लो गिअर सगळ्यांनीच वापरा, हायमध्ये हळू ओढली की इंजिन आणि बेल्ट दोन्ही तापतात.

शेतात जाताना पाण्याची कॅन, कापड, फ्यूज आणि पाइपचे क्लिप सोबत ठेवा. तरी तापलीच तर सावलीत लावा, वाफ असेल तर इंजिन बंद, आणि गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

सगळं झाल्यावर एक दिवस ट्रॉली न जोडता सकाळी ११ च्या उन्हात गाडी उभी चालू ठेवा, फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप उघडून लेव्हल बघा, आणि कमी झाली असेल तर पाणी कुठं गेलं ते सापडल्याशिवाय ट्रॉली जोडू नका.