ठाण्याहून विद्यापीठातील व्याख्यानाला जाताना
मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मानव्यविद्यांवरील जाहीर व्याख्यान असेल, तर ठाण्याहून लोकलने कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा घ्यावी. निघण्यापूर्वी नोंदणी लागते का, एवढे पाहावे. विषय अपरिचित असल्यास १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आदल्या आठवड्यात तासभर बसून त्या विषयावरचे काही वाचावे, कारण तेवढ्या तयारीनेही व्याख्यान निराळेच उमगते. वहीच्या डाव्या पानावर वक्त्याचे म्हणणे आणि उजव्या पानावर, त्याच ओळीसमोर, आपली शंका लिहावी. प्रश्नोत्तरांत त्यांतली एकच शंका दोन वाक्यांत विचारावी. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे भाषण करणे हा इतर श्रोत्यांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. उरलेल्या शंका व्याख्यान संपल्यावर वक्त्यांना भेटून विचाराव्यात.